गेले होते, दिसलं नाही

माझ्या नणंदेला, म्हणजे आमच्या ताईंना, एकोणतीस वर्षं रोज एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं: आज तलावात पाणी किती? सकाळी सात वाजता बांधाच्या शेवटच्या पायरीवर जाऊन उभं राहायचं, आत पाण्यात रोवलेल्या खांबावरची आकडेपट्टी दुर्बिणीतून वाचायची, वहीत लिहायची आणि वर येऊन चहा टाकायचा. एवढीच नोकरी. पण तिला सुट्टी नव्हती, आणि बदली माणूसही नव्हता. रविवारी काय पाणी नसतं का, असं त्या म्हणत.

राहायला बांधाच्या टोकाला दोन खोल्या. दुसऱ्या टोकाला तलावाची दारं उघडणारे-मिटणारे एक काका होते, त्यांना सगळे दारवाले काका म्हणत. दोघांच्या मध्ये दीड किलोमीटरचा बांध. काकांना कमी ऐकू यायचं, ताईंना मोठ्याने बोलायचं जिवावर यायचं, त्यामुळे त्यांचा शेजार हात हलवण्यावर निभावत होता. आम्ही शहरातून फोन करायचो. "कशा आहात?" विचारलं की ताई सांगायच्या, "चौदा मीटर वीस." आमचे हे चिडवायचे, "हिला फोन केला की पाण्याची खुशाली कळते, हिची नाही." ताई तिकडून हसायच्या आणि माझ्या स्वयंपाकाला उशीर होईल म्हणून फोन ठेवायच्या. उशीर कधीच होत नव्हता.

एकदा लग्न ठरत आलं होतं. मी तेव्हा या घरात यायची होते, सासूबाईंकडून कळलं. मुलाकडच्यांनी नोकरी सोडायला सांगितलं, ताईंनी विचार करायला आठ दिवस मागितले, आणि सहाव्याच दिवशी त्या मुलाचं दुसरीकडे जमल्याचं कानावर आलं. "मी नाही म्हटलंच नव्हतं," एवढंच एकदा त्या मला म्हणाल्या, भांडी पुसता पुसता. पुढे कुणी विचारलं नाही, आणि त्यांना नकोच होतं असं आम्ही सगळे धरून चाललो.

थंडीचे तीन महिने तलावावर धुकं पडतं. खांब पायरीपासून चाळीसेक हातांवर, पण धुकं असलं की खांब सोडाच, आपली पुढची पायरी पाय लावून शोधावी लागते. नियम असा, की साडेसातपर्यंत थांबायचं. धुकं विरलं तर आकडा वाचायचा. नाही विरलं तर तसं लिहायचं. हे 'तसं लिहायचं' काय, ते नीट सांगते.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ताईंना त्यांच्या साहेबांनी शिकवलं होतं, की आकडा नसेल त्या दिवशी जागा रिकामी सोडायची नाही. रिकामी जागा दिसली की पुढचा माणूस तिथे शून्य भरून मोकळा होतो, आणि शून्य म्हणजे तलाव आटला. म्हणून खुणेचे दोन आकडे ठरलेले. निरीक्षक गेलाच नाही, तर उणे नव्याण्णव. निरीक्षक गेला, थांबला, पण दिसलं नाही, तर उणे अठ्ठ्याऐंशी. पाण्याची उंची काही उणे असत नाही, त्यामुळे खऱ्या आकड्याशी गल्लत होण्याची भीती नाही. पुढे ताईंच्या या नोंदीच्या ठाण्यावर संगणक आला तेव्हा ताईंनी पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या वह्या स्वतः टाइप केल्या, याच खुणांसकट. दोन हिवाळे गेले त्यात.

निवृत्तीला दोन महिने उरले, तेव्हा खांबावर एक यंत्र बसलं. ते दर तासाला आपोआप आकडा पाठवतं, धुक्याचं त्याला काही नाही. ठाण्यावरचा संगणक परत गेला. ताईंची फाईल मुख्य कार्यालयात गेली, तिथल्या कायमच्या संग्रहात ठेवायला. आणि एका रविवारी ताई न कळवता आमच्या दारात उभ्या राहिल्या.

हातात एक घडी घातलेला कागद. चहा समोर ठेवला तरी त्यांनी तो उघडला नाही. कप रिकामा झाल्यावर उघडला. मुख्य कार्यालयाने पाठवलेला सारांश होता तो. वर ठाण्याचं नाव, खाली ताईंचं, आणि त्याखाली एक ओळ: निरीक्षक अनुपस्थित, आठशे एकतीस दिवस.

"मी आठशे एकतीस दिवस गेले नाही म्हणे," ताई म्हणाल्या.

ह्यांनी कागद घेतला, चष्मा कपाळावर सरकवला. "छापायची चूक असेल. आणि असली तरी कोण वाचतंय ते, ताई?"

"कुणी वाचत नाही म्हणूनच नीट लिहायचे ना मी."

"तुझी नोकरी संपत आली, सगळं झालं. आता काय कुणी वर्गात उभं करणार आहे का तुला?"

ताईंनी कागद परत घेतला आणि आधीच्याच घड्यांवर घडी घातली. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वहिनी, तुझं कॉलेज संख्याशास्त्राचंच होतं ना गं? उद्या सकाळची नोंद करून मी परत येते, येशील माझ्याबरोबर?"

मुख्य कार्यालयात संगणक विभाग सांभाळणारे एक पन्नाशीचे गृहस्थ होते. टेबल इतकं स्वच्छ, की आपली पर्स त्यावर ठेवायला संकोच वाटावा. दर दोन वाक्यांमागे 'सुटसुटीत' हा शब्द. दहा मिनिटांत ताईंनी माझ्या कानात त्यांचं बारसं केलं: सुटसुटीतसाहेब.

"हे बघा," ते म्हणाले, "फाईल उघडताना प्रोग्रॅम विचारतो, नसलेल्या आकड्याची तुमची खूण कोणती? चौकट एकच. मी नव्याण्णव टाकलं. तर तुमचं ते अठ्ठ्याऐंशी त्याने खरंच धरलं. आलेख बघायला हवा होतात तुम्ही. दर हिवाळ्यात तलाव पाताळात."

"मग?"

"मग अठ्ठ्याऐंशीही नसलेलंच आहे असं त्याला सांगितलं. आत दोन्ही रिकामे झाले. सेव्ह करताना रिकाम्या जागी त्याने आपली एकच खूण लिहिली, नव्याण्णव. सुटसुटीत."

"आणि मूळ फाईल?"

"ही काय. नाव तेच ठेवलं. दोन फाइली ठेवल्या की घोळ होतो."

ताईंचे हात मांडीवर होते, ते तसेच राहिले. साहेबांना काहीतरी जाणवलं असावं. ते जरा पुढे वाकले. "मॅडम, आकडा नाही तो नाहीच. सरासरी काढताना दोन्ही गाळायचेच असतात. बिघडलं कुठे?"

"आकडा नाही, खरं आहे. पण का नाही?"

"त्याने काय फरक पडतो?"

मला राहवेना. मी म्हटलं, "तुमच्या घरी कुणी आलंच नाही, आणि कुणी येऊन बेल वाजवून अर्धा तास दारात थांबून परत गेलं, हे सारखंच का हो?"

"मी घरी नसेन तर मला सारखंच," ते म्हणाले. मग पेनचं टोपण काढलं, लावलं. "आलेल्या माणसाला नाही."

त्यानंतर त्यांचा सूर बदलला. आकड्यांना हात लावायला नको, म्हणाले. शेजारी एक नवा रकाना देतो, कारणाचा. त्यात एकेक अक्षर. धुक्याला ध, न गेलेल्याला न. अक्षराला प्रोग्रॅम आकडा समजत नाही, जसं वाचतो तसंच परत लिहितो. "पण अक्षरं आणणार कुठून? फाईलमध्ये तर आता सगळे एकाच माळेचे मणी."

"माझ्या वह्या आहेत," ताई म्हणाल्या.

"तीस तारखेला संग्रह बंद होतो. त्यानंतर मलाही त्यात बोट घालता येत नाही."

अठरा तारीख होती. मी घरी येऊन बॅग भरली. हे म्हणाले, "आणि माझं काय?" मी म्हटलं, "गॅस आहे, भांडी आहेत, तुम्हाला दोन हात आहेत."

ताईंकडे खुर्ची एकच होती. इतक्या वर्षांत माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. आम्ही जायचो तेव्हा पलंगावर बसायचो आणि तासाभरात निघायचो. दुसरी खुर्ची दारवाल्या काकांनी बांधावरून डोक्यावर उलटी धरून आणली. दारात ठेवताना विचारलं, "किती दिवस हवी?"

ताई मोठ्याने म्हणाल्या, "आठ-दहा."

"ठेवा, ठेवा. माझ्याकडे तरी कोण बसतंय."

आठशे एकतीस तारखांची यादी साहेबांनी दिली होती. मी यादीतली तारीख वाचायची, ताईंनी वही उघडून शेरा वाचायचा, मी अक्षर लिहायचं. धुकं. साडेसातपर्यंत थांबले. दिसलं नाही. पुढची तारीख. धुकं. साडेसातपर्यंत थांबले. दिसलं नाही. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत माझे डोळे गरगरायला लागले. मी म्हटलं, "ताई, नुसतं धुकं म्हणा, पुढचं मला पाठ झालंय."

"नाही. पूर्ण वाचायचं. एखाद्या तारखेला दुसरंच काही असेल."

आणि होतंही. एका वर्षी ताप, तीन दिवस. एका वर्षी पाय मुरगळलेला. ते आले की ताई स्वतःच पेन्सिलने यादीवर टिचकी मारायच्या: "न. लिही, न." जरासुद्धा आढेवेढे नाहीत. धुक्याच्या शेऱ्यांना मात्र त्या आवाजात काही येऊ द्यायच्या नाहीत, यंत्रासारखं वाचायच्या. मीच मनात हिशोब करत बसले होते: सातशे म्हटले तरी साडेतीनशे तास. साडेतीनशे तास एक बाई काहीच दिसत नसलेल्या दिशेला तोंड करून उभी.

चौथ्या सकाळी मी त्यांच्याबरोबर खाली गेले. यंत्र बसलं होतं तरी निवृत्तीपर्यंत वही चालू ठेवायची होती. धुकं असं होतं, की ताई दोन पायऱ्या पुढे गेल्या आणि फक्त त्यांचा खोकला उरला. मी भिंतीला हात लावून उतरले. दगड ओला, गार. पाणी दिसत नव्हतं, पायरीला चाटल्याचा आवाज तेवढा येत होता.

"अर्धा तास करता काय इथे?"

"काही नाही. थांबते."

"कंटाळा नाही येत?"

"आधी आकडे मोजायचे, हजारापर्यंत. मग गाणी म्हणायचे. मग एके दिवशी दारवाल्या काकांनी विचारलं, धुक्यात कोण बाई गाते हो? मी म्हटलं, मला नाही माहीत." त्या हसल्या असाव्यात. "तेव्हापासून गप्प."

"त्यांना कमी ऐकू येतं ना?"

"तेव्हा यायचं."

साडेसातला ताईंनी घड्याळ डोळ्यांजवळ धरलं, वही काढली, लिहिलं. त्यांचं अक्षर उभ्याने, धुक्यातही, सरळ रेषेत पडतं. मग वर येऊन चहा टाकला.

अकराव्या वर्षाच्या वहीपाशी गाडी अडली. मागे एका पावसाळ्यात छप्पर गळलं होतं आणि ट्रंकेत तळाशी असलेल्या या वहीत पाणी गेलं होतं. अकराव्या वर्षी ताई शाईच्या पेनने लिहायच्या. हिवाळ्याच्या दोन महिन्यांची पानं निळ्या ढगांसारखी झालेली. आकडे फाईलमध्ये सुखरूप होते, कारण ते वही भिजण्याआधीच टाइप झाले होते. गेले होते ते फक्त शेरे. यादीतल्या सव्वीस तारखा त्या दोन महिन्यांतल्या.

"सगळंच धुकं असेल," मी म्हटलं.

"नाही. त्या हिवाळ्यात बाबा दवाखान्यात होते."

मला आठवलं. माझ्या लग्नाचं पहिलंच वर्ष. मामंजींची शस्त्रक्रिया झाली होती, पुढे बरे होऊन नऊ वर्षं जगले. ताई संध्याकाळच्या गाडीने यायच्या, रात्रभर दवाखान्यात बसायच्या, दुसऱ्या दिवशी परतायच्या. म्हणजे दुसऱ्या दिवशीची सकाळ चुकायची.

"किती वेळा आला होतात?"

"पाच. सहाही असेल."

मी ह्यांना फोन लावला, स्पीकरवर. "अहो, मामंजी दवाखान्यात होते तेव्हा ताई कोणत्या दिवशी आल्या होत्या, आठवतंय?"

"ताई आली होती?" हे म्हणाले. मग, "हां, आली असणार. एकदा-दोनदा. का?"

मी सांगितलं.

"मग सगळे धुक्याचे लिहा की. सव्वीसातले वीस तर खरेच ना? कोण येतंय विचारायला?"

ताई वहीच्या निळ्या पानावर बोट फिरवत होत्या. मी फोन ठेवला आणि तेच जरा गोड करून म्हटलं. "वीस दिवस तुम्ही नक्की गेला होतात, ताई. त्या वीस दिवसांचं ध तुमच्या हक्काचं आहे."

"हो. कोणत्या वीस?"

 त्यांनी पेन्सिल घेतली आणि सव्वीस तारखांपुढे, एकेका तारखेपुढे, म लिहिलं. माहीत नाही. त्या कामाला त्यांनी जितका वेळ घेतला, तितका बाकीच्या आठशेंना मिळून घेतला नव्हता.

अठ्ठावीस तारखेला आम्ही पुन्हा त्या स्वच्छ टेबलापाशी. साहेबांनी यादी पाहिली, मान डोलावली, मग म पाशी थबकले.

"हे तिसरं कशाला? ध आणि न, सुटसुटीत होतं."

ताईंनी सांगितलं.

"सारांशाचा नियम माझा नाही, मॅडम. कारण धुकं नसेल तर तो दिवस अनुपस्थितीत मोजला जातो. न चे सत्तावीस आहेत. हे सव्वीस त्यात जाणार. पानावर त्रेपन्न येतील."

"येऊ द्या."

"ध केलंत तर सत्तावीसच राहतील." त्यांनी आवाज खाली आणला. "मी काही विचारणार नाही."

"तुम्ही नका विचारू," ताई म्हणाल्या. "पण रकान्यात म राहील ना? का पुन्हा कुणी उघडलं की त्याचं न होईल?"

"राहील."

"दाखवा."

त्यांनी सेव्ह केलं, फाईल बंद केली, उघडली. ताईंनी चष्मा लावला आणि पडद्याजवळ वाकून अकराव्या वर्षाचा हिवाळा पाहिला. म होता. "पुन्हा." त्यांनी पुन्हा सेव्ह केलं, बंद केलं, उघडलं. म होता. तिसऱ्यांदा साहेबांनी न सांगताच केलं, आणि मग त्या फाईलची एक प्रत वेगळ्या नावाने शेजारी ठेवली.

"दोन फाइली?" ताई म्हणाल्या. "घोळ होईल हो."

साहेब कानापर्यंत लाल झाले, पण हसले. नवा कागद निघाला. निरीक्षक उपस्थित, धुक्यामुळे नोंद नाही: सातशे अठ्ठ्याहत्तर दिवस. निरीक्षक अनुपस्थित: त्रेपन्न दिवस. ताईंनी दोन्ही ओळी वाचल्या, सही केली, तारीख घातली.

बाहेर बसस्टॉपवर आम्ही दोघीच होतो. मला वाटलं होतं त्यांना हलकं वाटेल. मी म्हटलंही, "झालं ना मनासारखं?"

"झालं." पिशवीचे बंद त्या बोटाला गुंडाळत होत्या. "ते पाच-सहा दिवस खांबापाशी कुणी नव्हतं. कोणते, ते आता कुणालाच माहीत नाही. मलासुद्धा नाही."

"इतक्या वर्षांनी कुणाला आठवणार, ताई?"

"घरात कुणी असतं, तर त्याने सांगितलं असतं," त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती, नोंद केल्यासारखं म्हणाल्या. "अमक्या दिवशी तू नव्हतीस, असं."

त्यांची गाडी आधी आली. खिडकीची जागा मिळाली त्यांना, पण काच धुळीने माखलेली होती. त्यांनी हात हलवला की केस सारखे केले, ते मला नीट दिसलं नाही. गाडी वळली.

त्या हिवाळ्यात ताई यायच्या तेव्हा दार मीच उघडत होते. घरातलं सर्वांत नवं माणूस मी, दाराची बेल माझ्याच वाट्याची. एकदा आल्या तेव्हा हातात मामंजींसाठी लोकरीचे मोजे होते. एकदा चपला भिजलेल्या होत्या आणि मी त्यांना माझ्या दिल्या. त्यानंतर काय? मी स्टॉपवर उभी राहून आठवत होते, बोटं दुमडत होते. दोनच दुमडली गेली. तिसऱ्यांदा दार उघडलं तेव्हा बाहेर कोण होतं, ते काही केल्या आठवेना.